मशीन कानात घालून परत पाहिलेले सिनेमे

गेली सात-आठ वर्षं मी सिनेमे वाचत होते. पाहतेय असं मला वाटायचं. एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलेली बाई मी, पडद्याच्या तळाशी ओळ आली की नजर आधी तिथे जाणार. चुकलेला स्वल्पविराम मला खलनायकाच्या आधी दिसायचा आणि मी तो सगळ्यांना दाखवायचे. त्यामुळे ऐकू कमी येतंय हे फार उशिरा लक्षात आलं. सबटायटल होते तोवर माझं काही अडत नव्हतं. अडायचं ते भाचीशी फोनवर बोलताना. ती बोलायची, मी 'हो का?' म्हणायचे, आणि ती म्हणायची, "मावशी, मी प्रश्न विचारलाय."

मागच्या वर्षी तपासणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीकसा टूं असा आवाज आला की बटण दाबायचं. आपलं एकही चुकत नाहीये अशा समजुतीत मी बसले होते. बाहेर येऊन आलेख बघितला, तर उंच पट्टीच्या बाजूला रेघ घसरगुंडीसारखी खाली गेलेली. वयाने ऐकणं जातं ते बहुतेक असंच जातं. खालचे आवाज टिकतात, वरचे आधी जातात. स, श, फ, थ या मंडळींचा मुक्काम वरच्या पट्टीत. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. कंपोझिटरने सगळ्या काना-मात्रा छापल्या आणि अक्षरं गाळली, असा तो मजकूर.

दोन्ही कानांत मशीन आली आणि मी ठरवलं, पूर्वी पाहिलेले काही सिनेमे परत लावायचे. इंग्रजी असतील तर सबटायटल बंद. जर्मन असतील तर नाइलाज. रविवारी दुपारी आमची बैठक असते. मी, माझे धाकटे दीर, भाची आणि ऑफिसातली जुनी मैत्रीण. आमचे हेही असतात, पण दहाव्या मिनिटाला झोपतात, त्यामुळे त्यांचं मत मोजत नाही. गेल्या दोन महिन्यांत जे बघितलं त्याबद्दल हे लिहितेय. दोन-तीन ठिकाणी कथेतलं गुपित फुटणार आहे, फोडल्याशिवाय मला सांगताच येणार नाही. ज्यांना चालत नसेल त्यांनी तेवढे परिच्छेद सोडून द्यावेत.

पहिला लावला 'द कॉन्व्हर्सेशन'. फ्रान्सिस फोर्ड कोपोला, 1974. हा मी पाच-सहा वर्षांपूर्वी पाहिला होता आणि मला तो रटाळ वाटला होता. भाऊजींशी त्यावरून वादही झाला होता. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही झोपला असाल." मी झोपले नव्हते. प्रत्येक ओळ वाचली होती.

गोष्ट अशी. हॅरी कॉल हा चोरून संभाषणं टिपण्याच्या धंद्यातला सर्वांत तरबेज माणूस. जीन हॅकमननी त्याला असा उभा केलाय की खोलीत असून नसल्यासारखा. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये गर्दीत फेऱ्या मारणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं त्याला टिपायचंय. वेगवेगळ्या ठिकाणांहून तीन रेकॉर्डिंग होतात, आणि मग तो आपल्या कारखान्यात बसून ती एकमेकांवर बसवत एकेक वाक्य बाहेर काढतो. एक वाक्य वाद्यांच्या गोंगाटाखाली बुडालेलं असतं. तो बटणं फिरवतो, पट्टी मागे नेतो, परत पुढे, परत मागे, आणि ते वर येतं. साधारण अर्थ असा की, 'संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल.'

हॅरीला वाटतं, हे जोडपं धोक्यात आहे. सगळा सिनेमा त्या भीतीवर चालतो. शेवटाकडे तेच वाक्य पुन्हा येतं आणि आता जोर दुसऱ्या शब्दावर असतो. मराठीत आपलं बरं आहे, आपण 'च' लावतो. 'मारूनच टाकेल' म्हटलं की भीती. 'आपल्यालाच मारेल' म्हटलं की हिशेब सुरू होतो: तो आपल्याला मारणार, तर मग आपणच आधी का नाही? इंग्रजीला तो 'च' नाही. तिथे सगळं गळ्यावर. आणि सबटायटलमध्ये वाक्य दोन्ही वेळा अक्षर न अक्षर तेच! मी तेव्हा दोन्ही वेळा ते वाचलं, दोन्ही वेळा बरोबर वाचलं, आणि सिनेमा माझ्या हातातून निसटला. भाऊजींची माफी मागितली. त्यांनी ती जरा जास्तच आनंदाने घेतली.

आवाजाचं आणि संकलनाचं काम वॉल्टर मर्च यांचं. या वाक्याची गंमत म्हणजे, जोर दुसरीकडे पडलेला तो उच्चार नटाने वेगळ्या वेळी रेकॉर्ड करताना केला होता. मर्चना तेव्हा तो चुकला असं वाटलं आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. पुढे संकलन करताना तोच उपयोगी पडला. मी आयुष्यभर चुका खोडल्या, एखादी जपून ठेवावी असं कधी सुचलं नाही.

सुरुवातीचं दृश्य मात्र मला आता जास्त त्रास देऊन गेलं. कॅमेरा उंचावरून चौकावर सावकाश खाली येतो आणि मध्येच आवाज फाटतो, किरकिरतो, बोलणं यंत्रासारखं होतं. मी हात कानाकडे नेला. मशीन बिघडली असंच वाटलं. भाची म्हणाली, "मावशी, ते सिनेमातच आहे." चोरून ऐकणाऱ्या मायक्रोफोनचे ते आवाज आहेत, हे जरा वेळाने समजतं. तोपर्यंत प्रेक्षकालाही माझ्यासारखंच, कुठलं खरं आणि कुठलं यंत्राचं, ते कळत नाही.

खोट काढायचीच तर मधली पार्टी लांबलीय. आणि डेव्हिड शायर यांचा तो एकटा पियानो एकदा डोक्यात शिरला की जात नाही. मैत्रिणीला तो फार आवडला, मला दोन दिवस वैताग. पण फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्या वर्षी याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला तो योग्यच होता, आणि ऑस्करच्या वेळी उत्कृष्ट चित्रपटाचा मान याच्या हातून गेला तो कोपोलांच्याच दुसऱ्या सिनेमाकडे, 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाकडे. घरच्या माणसानेच हरवलं म्हणायचं.

पुढच्या रविवारी 'एम'. फ्रिट्झ लांग यांचा 1931 चा पहिला बोलपट. लहान मुलांना मारणारा एक माणूस शहरात मोकळा फिरतोय, पोलीस त्याच्या मागे आहेत आणि पोलिसांच्या धाडींनी धंदा बुडाला म्हणून गुन्हेगारांची टोळीही त्याच्या मागे. त्या खुन्याला शीळ घालायची सवय. ग्रीग या संगीतकाराची एकच चाल, परत परत. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरेंना शीळ येत नव्हती, म्हणून ती स्वतः लांग यांनी घातली असं सांगतात.

आमच्याकडे या शिळेने घोटाळा केला. सिनेमा सुरू झाला, आई मुलीची वाट बघतेय, आणि मला एक बारीक, सलग शिट्टी ऐकू यायला लागली. मी मोठ्या कौतुकाने म्हटलं, बघा, किती आधीपासून पेरलीय! कुणी काही बोलेना. मग भाची उठली, माझ्या डाव्या कानावर आलेली शाल तिने बाजूला केली आणि शिट्टी थांबली. मशीनवर कापड किंवा हात आला की तिचाच आवाज तिच्यात परत शिरतो आणि ती शिटी मारते. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमचे हे त्या हसण्याने जागे झाले आणि सिनेमा संपेपर्यंत जागे राहिले, एवढा त्या प्रसंगाचा फायदा.

पण 'एम'मधल्या एका छोट्या जागेसाठी मी तो परत बघेन. भिकाऱ्यांच्या अड्ड्यावर एक आंधळा फुगेवाला बसलाय. शेजारी कुणी हँडल फिरवायची पेटी वाजवतंय, बेसूर. फुगेवाला वैतागून दोन्ही कानांवर हात ठेवतो, आणि पेटीचा आवाज थांबतो. म्हणजे आपल्यालाही ऐकू येत नाही. तो हात काढतो, पेटी सुरू. बोलपट येऊन जेमतेम चार वर्षं झालेली, सगळे जण नटांना बोलायला लावण्यात आणि गायला लावण्यात गुंग, आणि हा गृहस्थ आपल्याला दुसऱ्याच्या कानात नेऊन बसवतो! मी तिथे सिनेमा थांबवून मशीन काढली, घातली, काढली. मैत्रीण म्हणाली, "झालं का तुझं?" पुढे खुनी सापडतो तो याच फुगेवाल्यामुळे. तो शीळ ओळखतो. ज्यांना डोळे आहेत त्या सगळ्या शहराला जे जमलं नाही ते.

आणि त्या आईची हाक. ती 'एल्सी' अशी मुलीच्या नावाने हाका मारते आणि पडद्यावर फक्त रिकामा जिना, रिकामा माळा, टेबलावरची न वापरलेली थाळी. हाक दूर दूर जात राहते. चेंडू गवतातून घरंगळत येऊन थांबतो. फुगा तारांत अडकतो. यात एक थेंब रक्त नाही. या हाकेचं पूर्वी मी फक्त नाव वाचलं होतं.

सिनेमात बऱ्याच जागी काहीच आवाज नाही. रस्ता आहे, माणसं धावताहेत, आणि ठार शांतता. भाऊजी म्हणाले, तंत्र कच्चं होतं, दुसरं काही नाही. असेलही. पण त्या शांततेनंतर पोलिसांची शिट्टी वाजते तेव्हा अंगावर येते ती येतेच.

'ग्रॅव्हिटी' मध्येच पाहिला, भाचीच्या हट्टाने. 2013 चा, सात ऑस्कर, त्यात आवाजाची दोन्ही. अंतराळात हवा नाही म्हणून आवाज नाही. स्थानकाच्या चिंध्या होतात त्या निःशब्द. नायिकेने हातात अवजार धरलं की त्याची कंपनं पोशाखातून येतात तेवढीच आपल्याला ऐकू येतात. घुमल्यासारखी, बसकी. हे माझ्या ओळखीचं. मशीन काढून झोपते तेव्हा उशीतून असंच सगळं येतं. पण मग एवढी सुंदर कल्पना सापडल्यावर तिच्यावर इतकं संगीत का ओतावं? मला तरी ते दिग्दर्शकाचं घाबरणं वाटलं. भाचीला हे अजिबात पटलेलं नाही. ती म्हणाली, नुसती शांतता ठेवली असती तर काका घोरताना ऐकू आले असते.

'अ क्वायट प्लेस'बद्दल माझी तक्रार तीच. आवाज केला तर मरण, अशी गोष्ट सांगायची आणि पार्श्वसंगीताने कान भरायचे. त्यात बहिऱ्या मुलीचं काम मिलिसेंट सिमंड्स या खरोखर बहिऱ्या असलेल्या मुलीने केलंय आणि ती पडद्यावर असते तेव्हा सिनेमा शहाणा होतो. तिच्या बाजूने बघताना आवाज पूर्ण काढून घेतलाय. मुलगी बहिरी, म्हणून घरात सगळ्यांना खुणांची भाषा येते, म्हणून ते कुटुंब टिकतं. कथेतला हा धागा मला फार आवडला. बाकी दचकवणं. हा पूर्वी थिएटरात बघितला होता तेव्हा आवाज इतका मोठा लावला होता की माझे जे काही कान शिल्लक होते तेही दुखले. सांगायला गेले तर तिथल्या मुलाने सांगितलं, "सेटिंग असंच आहे." या वेळी घरी नव्वद मिनिटांत आटोपला.

आता 'साउंड ऑफ मेटल'. हा मी मशीन यायच्या आधी पाहिला नव्हता. मुद्दाम टाळला होता असं आता वाटतं. रूबेन नावाचा ढोलताशा बडवणारा, म्हणजे मेटल बँडमधला ड्रमर, त्याचं ऐकणं अचानक जातं. रिझ अहमद या नटाने त्यासाठी ड्रम आणि खुणांची भाषा दोन्ही शिकून घेतलं. दिग्दर्शक डेरियस मार्डर. 2021 च्या ऑस्करमध्ये आवाज आणि संकलन असे दोन पुरस्कार. आवाजाचे दोन वेगळे पुरस्कार एकत्र करून एकच द्यायला त्याच वर्षी सुरुवात झाली, आणि तो पहिलाच याला गेला.

पहिल्या दहा मिनिटांत ते आपल्याला सगळं नीट ऐकवतात. सकाळ, गाडीतलं घर, यंत्राची घरघर, थेंब पडणं. मग दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टी, तीच सकाळ, आणि वर रजई पांघरल्यासारखा आवाज. तुलना करायला सांगत नाहीत, पण आपण करतो. त्यानंतर तपासणीची खोली. डॉक्टर शब्द म्हणतो, रूबेनने तोच शब्द परत म्हणायचा. तो म्हणतो, ठामपणे म्हणतो, आणि चुकीचा म्हणतो. ते बघताना मला हसू आलं आणि मग आलं नाही. मीही अशीच ठामपणे सांगत होते. माणूस चुकतोय हे त्याला कळत नाही, समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. अहमदनी नेमकं तेच केलंय. शब्द म्हणून झाला की त्याचे डोळे काचेपलीकडे शोधतात.

घसरगुंडीचं दृश्य सगळ्यांना आवडलं. बहिऱ्या मुलांच्या शाळेत एक मुलगा पत्र्याच्या घसरगुंडीवर पडून राहिलाय आणि रूबेन खालून बोटांनी पत्र्यावर ताल धरतो. मुलगा अंगाने ऐकतो. संवाद नाही, संगीत नाही, ते दृश्य कुठेही गळा काढत नाही. आवाजाचं काम करणारे निकोला बेकर यांनी या सिनेमासाठी शरीराच्या आतले आवाज टिपले होते, श्वास, हालचाल. त्यामुळे इथली शांतता कधीच रिकामी नाही, सतत कुणीतरी आत आहे असं वाटतं.

मग तो शस्त्रक्रिया करून कॉक्लियर इंप्लांट बसवून घेतो. माझ्या मैत्रिणीने विचारलं, तुझं तेच का? तेच नव्हे. माझी मशीन बाहेरचा आवाज मोठा करून कानात सोडते, पुढचं काम कानच करतो. इंप्लांटमध्ये आतल्या कानात तारा बसवतात आणि त्या थेट मज्जातंतूला विजेचे इशारे देतात. सुरू करतात तेव्हा रूबेनला जे ऐकू येतं ते पत्रा खरवडल्यासारखं. पॅरिसच्या घरात रूबेनची मैत्रीण तिच्या वडिलांच्या साथीने गाते, सगळे भारावलेले, आणि आपण रूबेनच्या कानांतून ऐकतोय: चिंध्या. त्याचा चेहरा मात्र सभ्य. त्या दोन-तीन मिनिटांसाठी आवाज करणाऱ्यांना काय द्यायचं ते द्या.

इथे माझी खरी तक्रार आहे. इंप्लांट सुरू केलं, आवाज भयंकर आला, संपलं, असं सिनेमात होतं. वास्तवात मेंदूला तो आवाज ओळखायला महिने लागतात, बसून सराव करावा लागतो, आणि पुष्कळांना पुढे बोलणं चांगलं समजायला लागतं. सिनेमात हे डॉक्टरबाई उडत उडत एका वाक्यात सांगतात. माझ्या साध्या मशीनचे पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आले होते. नळाचं पाणी, कागदाची सळसळ, माझी स्वतःची पावलं, सगळं धारदार. एका प्रूफचं पान उलटलं आणि दचकले. सहाव्या आठवड्यात एकदम लक्षात आलं की कागदाचा आवाज आता फक्त कागदासारखा येतोय. रूबेनला तेवढे आठवडे मिळायला हवे होते. भाची म्हणते, मावशी, मग शेवट कसा झाला असता? तेही खरंच. शेवटी तो बाकावर बसलेला असतो, चर्चच्या घंटेचा पत्र्यासारखा खणखणाट चाललेला, आणि तो दोन्ही यंत्रं काढून टाकतो. पडद्यावर झाडं, ऊन, मुलं. आवाज शून्य. आमच्या खोलीत कुणी हललं नाही. मी मशीन काढली नाही. मला ती शांतता सगळ्यांबरोबर ऐकायची होती.

'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'ला मी पूर्वी शंभरपैकी सत्तर दिले असते. 2007 चा, कोएन बंधूंचा, चार ऑस्कर. यात संगीत जवळजवळ नाहीच. संगीतकार कार्टर बर्वेल यांचं नाव आहे, पण काम ऐकायला कान टवकारावे लागतात. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याला खुनी नाणेफेक करायला लावतो, ते दृश्य सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते त्याने गल्ल्याशेजारी टाकलेल्या चुरगळलेल्या वेष्टनाबद्दल. ते हळूहळू उलगडत जातं. डोळ्यांना दिसलं होतं. पण ते चुरचुरतं, कडकड करतं, आणि म्हातारा काय उत्तर देणार या काळजीत आपण असताना खोलीत तेवढा एकच आवाज जिवंत असतो, हे मला सतरा-अठरा वर्षांनी समजलं.

आणि हॉटेलची खोली. पैशांची बॅग घेऊन पळालेला मॉस अंधारात बंदूक घेऊन पलंगावर बसलाय. खाली फोन लावतो. खालच्या मजल्यावर वाजणारी घंटी त्याला इथे ऐकू येते, कुणी उचलत नाही. मग टिक टिक. माग काढणाऱ्या यंत्राची. जवळ येते, वेग वाढतो. दाराच्या फटीखाली दोन पावलांची सावली. ती निघून जाते, आणि फटीतला उजेड विझतो. भाऊजींनी रिमोट हातात घेतला होता, आवाज वाढवायला. "आता नको," मी म्हटलं. "भाऊजी, मला ऐकू येतंय." हे वाक्य मी त्या घरात बऱ्याच वर्षांनी बोलले.

घरी असा सिनेमा बघणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणून संवाद आधी मरतात. वेगळे स्पीकर लावले असतील तर मधला वाढवा, संवाद बहुतेक त्यातून येतात. मोठे आवाज दाबून लहान उचलणारा नाइट मोड बातम्यांना ठीक, या सिनेमाला लावलात तर वेष्टन आणि बंदूक एकाच जोराने वाजतील. ब्लूटूथने आवाज थेट मशीनमध्ये घेता येतो, पण माझ्याकडे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. शिवाय मग शेजारच्यांचे शेरे ऐकू येत नाहीत, आणि आमच्या बैठकीत अर्धा सिनेमा तोच असतो.

शेवटचा पाहिलेला 'द झोन ऑफ इंटरेस्ट'. जोनाथन ग्लेझर, 2023. आउशवित्झच्या छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ ह्यॉस आणि त्याची बायको, मुलं, कुत्रा, बाग, छोटा तलाव. भिंतीला भिंत लागून छावणी. छावणीतला छळ एकदाही दाखवलेला नाही. घरात लपवलेले कॅमेरे होते, एकाच वेळी दहापर्यंत, आणि तंत्रज्ञ दुसरीकडे, त्यामुळे माणसं नुसती राहताना दिसतात. सॅंड्रा ह्यूलर बायको झालीय. ती बागेतली झाडं पाहुण्यांना दाखवते.

हा मी 2024 मध्ये पाहिला होता, मशीन यायच्या आधी, घरी, आवाज नेहमीचा. जर्मन भाषेतला सिनेमा, म्हणून वाचला. संवादांचे सबटायटल होते, आवाजांची नोंद देणारे कॅप्शन नव्हते. 'दूरवर गोळीबार', 'कुत्र्यांचं भुंकणं' वगैरे कंसात देतात ते वेगळे, बहिऱ्यांसाठीचे. मला ते लावायचे सुचले नाहीत, कारण मी बहिरी नव्हतेच ना तेव्हा. तर मी पाहिलं ते एका कुटुंबाचं बऱ्यापैकी कंटाळवाणं आयुष्य. बदली, नोकर, बाग, पोहणं. विषय माहीत होता म्हणून भिंतीकडे बघत राहिले. भिंत म्हणजे भिंत.

आता पाहिला. सुरुवातीला काही मिनिटं पडदा काळा आणि मिका लेव्ही यांचं ते खोल खोल जाणारं संगीत. मग नदीकाठ, पाखरं. आणि मग घर, आणि घराच्या मागे तो आवाज. सतत. भट्टीची घरघर, गाडी, मध्येच ओरडणं, गोळी, कुत्री. बाळ रडतंय त्याच्या खाली ते. फुलांची नावं चालली आहेत त्याच्या खाली ते. आवाज रचणारे जॉनी बर्न यांनी त्यासाठी आधी सहाशे पानांचा अभ्यास तयार केला होता: तिथे काय काय घडलं, कोणती यंत्रं होती, किती अंतरावरून काय ऐकू येईल. टार्न विलर्स यांच्यासह त्यांना आवाजाचं ऑस्कर मिळालं. त्या बायकोची आई काही दिवस राहायला येते, रात्री खिडकीत उभी राहते आणि सकाळी चिठ्ठी ठेवून निघून गेलेली असते. मागच्या वेळी ती का गेली हे मला कळलं नव्हतं. मी भाचीला विचारलंही होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, ऐकू नाही का आलं?"

मी त्या घरातल्यांसारखीच तो सिनेमा बघितला होता, एवढंच मला भाऊजींना सांगता आलं. ते नेहमी वाद घालतात. त्या दिवशी घातला नाही.

मैत्रीण म्हणाली, मला एवढं भिडलं नाही, कॅमेरा फार दूर ठेवलाय, कुणाचा चेहरा धरून बसता येत नाही. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. शेवटी सिनेमा एकदम आजच्या काळात, छावणीच्या संग्रहालयात येतो ते तिला जोडल्यासारखं वाटलं. मला त्या झाडूच्या आणि व्हॅक्यूमच्या आवाजाने बरं वाटलं, दीड तासानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिथे साफसफाई करत होतं. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

पुढच्या रविवारची निवड भाऊजींची. त्यांनी मूकपट काढलाय. मी म्हटलं, मग त्या दिवशी मशीन चार्जिंगलाच ठेवते. भाची म्हणाली, मूकपटाला मागून पियानो असतो. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आणि मधे मधे पाट्या येतात. तुम्हाला वाचायला."